बेगमी, घरातल्या ज्येष्ठांच्या मापाने

‘बेगमी’ हा शब्द आताशा बोलण्यातून कमी होत चालला आहे. पन्नास वर्षांपूर्वी तो घराघरांत होता. होळी सरली की वाळवणे सुरू होत. सांडगे, कुरडया, पापड डब्यांत जात आणि मृग लागण्यापूर्वी ज्वारी, तूरडाळ, तिखट, हळद, मीठ, चिंच, जळण असे सारे घरात येऊन पडे. पावसाळ्यात वाट बंद, ओढ्याला पाणी, बाजार भरेल की नाही याचा भरवसा नाही, हे गृहीत धरूनच संसार मांडलेला असे. ज्या वाचकांनी सत्तरी ओलांडली आहे त्यांना उतरंड, कणगी, बळद हे शब्द समजावून सांगावे लागणार नाहीत. भिंतीत बांधलेल्या बळदात डोकावताना येणारा धान्याचा उबदार वास त्यांच्या स्मरणात अजून असेल.

आज दुकान हाकेच्या अंतरावर आहे, औषधे फोन केल्यावर घरी येतात, आणि दोन खोल्यांच्या सदनिकेत कणगीला जागाही नाही. तेव्हा बेगमीची गरज संपली, असा आपला समज झाला. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनी तो समज गेल्या काही वर्षांत वारंवार खोटा ठरवला आहे. प्रत्येक वेळी सर्वांत आधी अडचणीत आले ते घरातले वयस्कर. त्यांच्या घरात धान्य नव्हते असे फारसे घडले नाही. धान्य असते, त्यांना चावता येईल, शिजवता येईल, त्यांच्या आजाराला चालेल असे त्यातले थोडेच असते. म्हणून या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे: बेगमी पोत्यांच्या मापाने न करता घरातल्या सर्वांत अशक्त माणसाच्या मापाने करावी.

कृष्णाकाठ आणि माणदेश

आपल्या भागाचे वैशिष्ट्य असे की, संकट कोणत्या बाजूने येईल हे एका वाक्यात सांगता येत नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो; त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तो पाचशेपर्यंत पोचला तरी लोक समाधान मानतात. सांगली जिल्ह्यातही पश्चिमेला शिराळा आणि पूर्वेला जत, आटपाडी अशीच ओढाताण आहे. २०१९ हे साल आठवा. त्या उन्हाळ्यात माणदेशात जनावरे चारा छावण्यांत होती, पिण्याचे पाणी टँकरने येत होते. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. शहराचा मोठा भाग कित्येक दिवस पाण्यात होता. ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे बाहेर काढणारी बोट उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. एकाच वर्षात एका भागाने घोटभर पाण्यासाठी रांग लावली आणि दुसऱ्याने छतावर बसून पाणी ओसरण्याची वाट पाहिली.

या दोन संकटांसाठी पूर्वजांनी केलेल्या सोयीही निरनिराळ्या होत्या. दुष्काळ सावकाश येतो आणि लांबतो. त्यासाठी साठा मोठा व दीर्घकाळ टिकणारा हवा. म्हणून पेवे आली. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. जमिनीत खोल खणलेल्या या खड्ड्यांत हळद भरून तोंड बंद केले की आत हवा खेळत नाही, किडीला जगता येत नाही आणि माल वर्षानुवर्षे टिकतो. पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे. आधी ते काही तास उघडे ठेवीत, कंदील खाली सोडून तो विझत नाही ना हे पाहत. प्राणवायू नसलेल्या जागेत माणूस क्षणात कोसळतो, हे त्या लोकांना पुस्तकाविना ठाऊक होते. परंतु दुष्काळासाठी उत्तम असलेली हीच सोय पुरापुढे टिकली नाही. २००५ च्या महापुरात हरिपुरातल्या पेवांत पाणी शिरले आणि हळदीचे फार मोठे नुकसान झाले.

१९७२ च्या दुष्काळाची आठवण तर अनेक वाचकांच्या जिभेवर असेल. परदेशातून आलेली तांबडी मिलो, तिच्या न फुगणाऱ्या भाकऱ्या, दुष्काळी कामावर वाटली जाणारी सुकडी. त्या पिढीने पोटाला चिमटा काढून दिवस काढले, आणि त्याची खूण आजही तिच्या वागण्यात दिसते. ताटात अन्न टाकवत नाही, शिळे फेकवत नाही, गोणीभर धान्य घरात असल्याशिवाय झोप लागत नाही. सुना-मुलांना हा हट्ट वाटतो. तो हट्ट नव्हे, अनुभव आहे. त्याचा आदर राखूनच बेगमीची पद्धत बदलायला हवी.

पन्नास किलोचे पोते कोण उचलणार?

पुराचे एक बरे असते: तो सांगून येतो. महाबळेश्वर, पाटण, जावळीत पडलेला पाऊस कृष्णा-कोयनेतून कराडच्या प्रीतिसंगमावर एकत्र होऊन मग सांगलीला पोचतो. धरणातून सोडलेल्या पाण्याचे आकडे तासातासाला जाहीर होतात. त्यामुळे बहुधा काही तास, कधी एखादा दिवस हाताशी मिळतो. या वेळेत तरुण घरे सामान माळ्यावर चढवतात. पण ज्या घरात केवळ बाहत्तर वर्षांचे आजोबा आणि गुडघे धरलेल्या आजी आहेत, मुलगा पुण्याला आणि मुलगी त्याहून दूर, तेथे पन्नास किलोचे गव्हाचे पोते जागचे हलत नाही. कृष्णाकाठी अशी घरे गल्लोगल्ली आहेत.

यासाठी साधा उपाय आहे. सगळा साठा एका पोत्यात किंवा एका मोठ्या कोठीत ठेवू नये. चार-पाच किलोंचे, कडी असलेले आणि घट्ट झाकणाचे डबे करावेत. शेजारचा शाळकरी मुलगाही ते जिना चढून वर नेऊ शकतो. एखादा डबा भिजला तरी बाकीचे वाचतात. रोजच्या वापराचे डबे कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर असावेत. पुराच्या भीतीने बारा महिने सगळे माळ्यावर ठेवणे ही चूक आहे. डबा काढण्यासाठी स्टुलावर चढलेली आजी पडते, खुब्याचे हाड मोडते आणि पुढचे सहा महिने अंथरुणावर जातात. पूर पाच-दहा वर्षांतून एकदा येतो. स्टुलावरून पडण्याचे प्रसंग माझ्या दवाखान्यात दर महिन्याला येतात. माळा फक्त पावसाळ्यापुरता, आणि तेथे चढणारे पाय तरुण असावेत.

किती साठवावे, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. दोन वयस्कर माणसांच्या घरासाठी पंधरा दिवसांचा विचार पुरेसा आहे. तांदूळ, रवा, पोहे, पिठे मिळून सुमारे आठ किलो, डाळी दोन किलो, तेल एक लिटर, दूध पावडर एक किलो, आणि गूळ, मीठ, हळद, जिरे नेहमीइतके. एवढ्यावर दोघांचे पंधरा दिवस नीट निघतात. येथे गहू-ज्वारीऐवजी पिठे आणि रवा सांगितला आहे, त्यामागे कारण आहे. वीज गेली की गिरणी बंद पडते. घरात दोन पोती गहू असून भाकरी-पोळी नाही, अशी अवस्था येते. मात्र पीठ फार दिवस टिकत नाही. ज्वारी-बाजरीचे तर लवकर कडवट होते. म्हणून पिठाचा साठा लहान आणि फिरता ठेवावा. भाजलेला रवा, भाजलेले नाचणीचे पीठ, सातूचे पीठ, मेतकूट यांचे आयुष्य त्यामानाने बरे.

आणखी एक विचार करावा. चूल पेटली नाही तर काय खाता येईल? दुसरा सिलिंडर भरलेला असला तरी पाणी घरात शिरल्यावर शेगडी पेटवता येईलच असे नाही. दात नसलेल्या किंवा कवळी हरवलेल्या माणसाला चिवडा, भडंग, शेंगदाणे यांचा काय उपयोग? त्याच्यासाठी पाण्यात भिजवलेले पातळ पोहे दूध पावडरीच्या दुधात कालवून द्यावेत. सातूचे पीठ मधुमेह नसलेल्यांना गुळाच्या पाण्यात, मधुमेह असलेल्यांना जिरे आणि चवीपुरते मीठ घालून पाण्यात द्यावे. हे दोन्ही पदार्थ आगीशिवाय होतात आणि गिळायला सोपे आहेत. बत्ताशासारखी विरघळणारी बिस्किटे मुलांना आवडतात. वयस्करांनी त्यांच्यावर दिवस काढू नयेत. चहा-बिस्किटांवर आठवडा काढलेला माणूस पोट भरलेले असूनही अशक्त होतो, कारण प्रथिनांच्या नावाने शून्य. मुगाच्या डाळीचे कढण, फुटाण्याच्या डाळ्याची पूड, दूध पावडर, अंडी खाणाऱ्यांना उकडलेली अंडी यांतले काहीतरी रोज पोटात गेले पाहिजे.

लोणची, पापड, सांडगे हा आपल्या बेगमीचा मानबिंदू. येथे जरा नाराजी पत्करून सांगते: रक्तदाब, हृदयाचा अशक्तपणा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांसाठी तो खरा साठा नव्हे. भाजी नाही म्हणून चार दिवस दोन्ही वेळा लोणचे-भात खाल्ल्यावर पाय सुजलेली, रात्री धाप लागून उठून बसलेली माणसे पाहण्यात येतात. त्याऐवजी सुकवलेली मेथी, शेवग्याचा पाला, गवारी, आमसूल, मोड आणायला मटकी असे ठेवावे. आणि तासगावच्या बेदाण्याचा अभिमान सांगलीकरांनी जरूर बाळगावा, पण मधुमेही आजोबांना मूठभर देऊ नये. डायलिसिसवर असलेल्यांना खजूर, बेदाणे, शहाळे हे ‘शक्तीसाठी’ म्हणून कोणी देऊ लागले तर थांबवावे. त्यांतले पोटॅशियम त्यांच्या हृदयाची लय बिघडवू शकते.

धान्य टिकवताना विष नको

जे धान्य ठेवाल ते कडक उन्हात वाळवून ठेवा. दाण्याला दाताखाली कटकन आवाज आला की वाळले. उन्हातून उचलून गरम असतानाच डब्यात भरू नये. आत वाफ धरते आणि बुरशी येते. सावलीत थंड होऊ द्यावे. कडुनिंबाचा वाळलेला पाला, डाळीला एरंडेलाचा हलका हात, या जुन्या गोष्टी आजही चालतात, आणि थोड्या साठ्याला त्या पुरेशा आहेत.

बाजारातून आणलेल्या विषारी गोळ्यांविषयी मात्र कडक शब्दांत सांगणे भाग आहे. पोत्यात किंवा कोठीत टाकायच्या ज्या गोळ्यांना लोक सल्फास म्हणतात, त्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन नावाचा वायू सुटतो. तो किडे मारतो तसा माणसेही मारतो, आणि त्यावर उतारा नाही. ज्या खोलीत धान्य त्याच खोलीत आजी-आजोबांची खाट, ही आपल्या घरांची रचना. दारे-खिडक्या बंद करून झोपलेले माणूस सकाळी मळमळ, छातीत जडपणा, गुंगी अशा तक्रारी सांगते आणि पित्त झाले असे समजून वेळ जातो. ही गोळी राहत्या घरात आणूच नये. पाऱ्याच्या टिकड्यांचाही मोह टाळावा. दुकानातून आणलेल्या डाळी-तांदळाला बोरिक पावडर लावलेली असू शकते. शिजवण्यापूर्वी तीन-चार पाण्यांनी चोळून धुणे हा नियम स्वयंपाकघरात पक्का असू द्या.

औषधांचा डबा आणि दाराजवळची पिशवी

वयस्कर माणसाच्या बेगमीत धान्य दुसऱ्या क्रमांकावर येते. पहिला क्रमांक औषधांचा. निरोगी माणूस दोन दिवस अर्धपोटी राहिला तर थकतो. फिटची, हृदयाची किंवा स्टेरॉइडची गोळी एकाएकी बंद झालेला माणूस दोन दिवसांत रुग्णालयात पोचू शकतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या अचानक सोडल्यास दाब उसळून वर येतो. म्हणून नेहमीच्या महिन्याच्या औषधांखेरीज पंधरा दिवसांची औषधे वेगळी, मूळ पाकिटातच, म्हणजे नाव आणि मुदत दिसेल अशी ठेवावीत. डबीत सुट्ट्या काढलेल्या पांढऱ्या गोळ्या आणीबाणीत कोणालाच ओळखता येत नाहीत. सोबत चिठ्ठीची प्रत आणि एका कागदावर ठळक अक्षरांत नाव, वय, आजार, औषधे, ज्याची अॅलर्जी असेल ते औषध, आणि दोन नातेवाइकांचे दूरध्वनी क्रमांक. फोनची बॅटरी संपली की पाठ असलेला एकही क्रमांक उरत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे.

मधुमेहाविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण संकटकाळात सर्वांत जास्त गोंधळ तेथेच होतो. साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, आणि इन्सुलिन हे जेवणाच्या भरवशावर दिलेले असतात. जेवण मिळाले नाही आणि गोळी मात्र शिस्तीने घेतली, तर साखर धोकादायकरीत्या उतरते. वयस्करांत, विशेषतः मूत्रपिंड अशक्त असेल तर, ती एकदा वर येऊन पुन्हा उतरू शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे, विनाकारण चिडणे, गुंगी ही लक्षणे दिसली की ‘वयामुळे भ्रम झाला’ असे समजू नये. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि मग काहीतरी खायला द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. जेवण अनिश्चित असेल तेव्हा कोणती गोळी वगळायची, उलट्या-जुलाब झाल्यास कोणती थांबवायची, हे आपल्या डॉक्टरांकडून आजच, चांगल्या दिवशी, लिहून घ्यावे. ते वाक्य त्याच कागदावर ठेवावे.

वीज गेली म्हणून इन्सुलिन लगेच वाया जात नाही. वापरात असलेली कुपी साधारण महिनाभर खोलीच्या माफक तापमानाला चालते. उन्हाळ्यात मातीचे मोठे मडके घ्यावे, त्यात ओली वाळू, वाळूत लहान मडके, आणि त्यात पिशवीत बांधलेली कुपी ठेवावी. वर ओले फडके. माणदेशात पाणी गार करण्यासाठी जे केले जाते तेच येथे उपयोगी पडते. बर्फाला चिकटवून मात्र ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. दम्याच्या रुग्णांनी विजेवर चालणाऱ्या नेब्युलायझरवर विसंबून न राहता पंप आणि स्पेसर पिशवीत ठेवावा.

पूर सांगून येतो, पण सगळीच संकटे तशी नसतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा माणसे झोपेत होती. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव येथे दरडी कोसळल्या, तेव्हाही सामान आवरायला कोणाला अवधी मिळाला नाही. डोंगरउतारावर आणि भूकंपप्रवण पट्ट्यात राहणाऱ्यांनी म्हणून दाराजवळ एक पिशवी कायम टांगून ठेवावी. तिच्यात सात दिवसांची औषधे, तो कागद, जुना पण चालणारा चष्मा, टॉर्च, पाण्याची बाटली, राजगिऱ्याचे लाडू किंवा डाळे, प्रौढांचे डायपर लागत असल्यास तेही. कवळीची डबी आणि श्रवणयंत्राची बॅटरी यांचा हमखास विसर पडतो. आधार कार्ड आणि बँकेच्या पुस्तकाची प्रत प्लास्टिकमध्ये. पिशवी आजींना स्वतःला उचलता आली पाहिजे. जड झाली तर ती घरातच राहील.

पाणी

पुरात सगळीकडे पाणी असते आणि प्यायला थेंब नसतो. पाणीपुरवठ्याचे पंप बुडाले की नळ बंद होतात, आडात आणि बोअरमध्ये घाण उतरते. माणशी दिवसाला तीन लिटर पिण्याचे पाणी धरले तर दोघांना पाच दिवसांसाठी तीस लिटर लागते. इशारा मिळाल्याबरोबर झाकणाच्या कळशा, कॅन, प्रेशर कुकरसुद्धा भरून ठेवावेत. नंतरचे पाणी खळखळून उकळावे किंवा क्लोरीनचे द्रावण बाटलीवरील मापाने घालून अर्धा तास ठेवावे. तुरटीने पाणी निवळते, निर्जंतुक होत नाही. हा गैरसमज आपल्या भागात फार आहे.

वय वाढले की तहान कमी लागते. आजोबा ‘नको’ म्हणतात म्हणून त्यांना पाण्याची गरज नाही असे नव्हे. बरेच जण शौचालयाची सोय नाही या संकोचाने मुद्दाम पीत नाहीत. निवारा केंद्रात वयस्कर स्त्रियांच्या बाबतीत हे हमखास घडते. जुलाब झाल्यास एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजावे. येथे चमचा म्हणजे चहाचा लहान चमचा. औषध दुकानातली ओआरएसची चार पाकिटे डब्यात असली तर अधिक चांगले. मधुमेह किंवा रक्तदाब आहे म्हणून जुलाबात हे पाणी नाकारू नये; हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारात ज्यांना पाणी मोजून सांगितले आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

भिजलेले धान्य

पूर ओसरल्यावरचा एक प्रसंग दर वेळी दिसतो. अंगणात, रस्त्यावर, गच्चीवर भिजलेले गहू, तांदूळ, शेंगा पसरलेल्या. आजी काठीने चिमण्या हाकलत बसलेल्या. ‘ऊन दाखवले की होईल चांगले.’ वर्षाची बेगमी अशी चिखलात गेलेली पाहणे सोपे नाही, आणि ज्यांनी मिलोच्या भाकऱ्या खाऊन दिवस काढले त्यांच्यासाठी तर नाहीच. तरीही, आजी, हे धान्य टाकावेच लागते.

पुराच्या पाण्यात गटार, मेलेली जनावरे, शेतातली औषधे, उंदरांचे मूत्र सारे मिसळलेले असते. त्याहून मोठा धोका बुरशीचा. ओल्या शेंगदाण्यावर, मक्यावर, धान्यावर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृतावर आघात करते. उन्हाने, भाजण्याने, शिजवण्याने ते जात नाही. दाणा वरून स्वच्छ दिसला तरी ते आत राहते. जनावरांना घालूनही उपयोग नाही, कारण ते दुधातून परत आपल्याच घरात येते. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्याच्या आत पाणी गेले नसेल तर तो बाहेरून धुऊन, क्लोरीनच्या पाण्याने पुसून वापरता येतो. प्लास्टिकच्या पिशव्या, गोण्या, सैल झाकणाच्या बरण्या यांतले सारे टाकावे. भिजलेल्या औषधांनाही हाच नियम.

काळजी घेणाऱ्यांना येथे एक विनंती. हे धान्य आजींच्या देखत, रागावून उकिरड्यावर ओतू नका. आधी घरात नवे पाच किलो तांदूळ आणून त्यांच्या समोर डबा भरा, मग जुने काढा. रिकामा डबा पाहिल्यावर त्या पिढीच्या मनात काय उठते, याची आपल्याला कल्पना नसते. अनेक आज्या रात्री उठून फेकलेले धान्य परत आणतात. त्यामागे कंजूषपणा नसतो.

घर साफ करायला वयस्करांनी स्वतः चिखलात उतरू नये. पायाला जखम किंवा मधुमेहाने बधिरपणा असेल तर मुळीच नाही. उतरावेच लागले तर गमबूट घालावेत. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाल्यास लेप्टोस्पायरोसिसची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. ‘अंग मोडून आले’ म्हणून काढा पीत बसू नये.

घर कधी सोडावे

उत्तम बेगमी असलेल्या घराचा एक तोटा असतो: माणसे घर सोडायला तयार होत नाहीत. ‘आमच्याकडे सगळे आहे’ असे म्हणून वरच्या मजल्यावर बसून राहतात. सुदृढ माणसाचे ते कदाचित निभते. ज्यांना आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागते, जे घरी ऑक्सिजनवर आहेत, ज्यांना अंथरुणातून उठता येत नाही, ज्यांचा हृदयविकार अलीकडे बळावला आहे, त्यांच्यासाठी बेगमी हा घर सोडण्याला पर्याय नाही. आयर्विन पुलापाशी ४० फुटांची इशारा पातळी आली की, ४५ ची वाट न पाहता, रस्ते कोरडे असतानाच त्यांना मिरजेसारख्या उंचावरच्या भागात नातेवाइकांकडे किंवा रुग्णालयाजवळ हलवावे. बोटीत चढताना खाटेवरच्या माणसाचे फार हाल होतात, आणि बोट मिळेलच असे नाही. नात्यातल्या कोणाकडे जायचे हे मे महिन्यातच ठरवून, त्यांना तसे बोलून ठेवावे. ऐनवेळी फोन करायला वयस्कर संकोचतात, आणि त्या संकोचापायी राहून जातात.

शेवटी साठ्याच्या देखरेखीविषयी. डब्यांवर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरांत भरल्याची तारीख लिहावी. नवे आणले की मागे, जुने पुढे. औषधांच्या मुदती, टॉर्चची बॅटरी आणि पिशवीतला तो कागद महिन्यातून एकदा पाहावा. पेन्शन आणण्याचा दिवस त्यासाठी सोयीचा, कारण तो कोणी विसरत नाही. औषध बदलले असेल तर कागदावर त्याच दिवशी खोडून नवे लिहावे. मुले परगावी असतील तर महिन्याच्या त्या फोनवर ‘जेवलात का?’ या प्रश्नाच्या जोडीने ‘ग्लुकोजची पुडी कुठल्या डब्यात आहे?’ हाही प्रश्न विचारावा, आणि आई ती उठून आणीपर्यंत फोन धरून ठेवावा.